तुकोबारायांची वही, खत आणि माप

गावोगावच्या विठ्ठल मंदिरात ज्ञानराजांच्या आरतीनंतर तुकोबारायांची आरती म्हणण्याची रीत आहे. लहान मुलांपासून म्हाताऱ्या माणसांपर्यंत सर्वांना ती पाठ असते. टाळाच्या ठेक्यावर ती इतकी सहज म्हटली जाते की तिच्यातील शब्दांकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. तिच्या शेवटच्या कडव्यात तुकण्याची गोष्ट आहे. तुकणे म्हणजे तोलणे, वजन करणे. तूक म्हणजे वजन. एका पारड्यात तुकोबा आणि दुसऱ्या पारड्यात साक्षात ब्रह्म घालून पाहिले असता काटा मध्यावर उभा राहिला, असा त्या कडव्याचा सरळ अर्थ आहे. तुका हे नाव आणि तुकणे हे क्रियापद यांची सांगड घालून केलेली ती एक सुंदर कोटी आहे.

ही आरती करणारे रामेश्वरभट्ट हे वाघोलीचे वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मण. ज्यांच्या शब्दावरून तुकोबांना आपल्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या असे परंपरा सांगते, तेच हे रामेश्वरभट्ट. पुढे ते तुकोबांचे शिष्य झाले आणि आरतीच्या शेवटी आपले नाव घालून त्यांनी तुकोबांच्या चरणी मस्तक ठेवले. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, एवढ्या मोठ्या शास्त्रीबुवांना आपल्या गुरूचा गौरव करण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी यज्ञकुंडाची अगर वेदमंत्राची उपमा शोधली नाही. त्यांनी वाण्याच्या दुकानातला तराजू उचलला. गुरूची भाषा शिष्याने बरोबर ओळखली होती.

तुकोबांच्या वह्यांतील रूपके उघडण्याची किल्ली ग्रंथांपेक्षा पेठेत, खळ्यावर आणि दप्तरात अधिक सापडते, आणि ती किल्ली खेड्यातल्या माणसाच्या कनवटीला अजून आहे. मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या निमित्ताने निघणाऱ्या या स्मरणिकेत हा विषय घेण्यास आणखी एक कारण आहे, ते पुढे ओघाने येईल.

तुकोबांच्या जन्मशकाविषयी अभ्यासकांत एकमत नाही, इ. स. १६०८ हे साल पुष्कळांनी धरले आहे. वैकुंठगमनाची तिथी मात्र शके १५७१ ची फाल्गुन वद्य द्वितीया म्हणजे इ. स. १६५० ची, आणि तीच बीज म्हणून आजही देहूस पाळली जाते. घराणे देहूचे. त्यांच्याकडे पेठेची महाजनकी होती. महाजन म्हणजे गावच्या बाजाराचा वतनदार; व्यापाऱ्यांचे तंटे, बाजाराची शिस्त, वजनमापांचा खरेखोटेपणा ही त्याची नजर ठेवण्याची बाब. शिवाय घरचे दुकान आणि सावकारी होती. वडील बोल्होबा गेले, थोरले बंधू सावजी विरक्त होऊन निघून गेले, आणि कोवळ्या वयात हा सारा व्याप मधल्या मुलावर म्हणजे तुकोबांवर पडला.

नंतर इ. स. १६३० च्या सुमारास दख्खनमध्ये तो भयंकर दुष्काळ पडला. दुष्काळाने तुकोबांचे द्रव्य गेले, अब्रू गेली, थोरल्या पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेल्या, मुलगा गेला. यातील बरीचशी हकीकत तुकोबांनी स्वतः एका अभंगात सांगितली आहे. स्वतःविषयी बोलू नये, पण संतांनी प्रश्न केला म्हणून सांगतो, असे म्हणून ते सांगतात. त्या अभंगातील क्रम फार बोलका आहे. धंदा तुटीस आल्याचे सांगून झाल्याबरोबर ते म्हणतात की देवाचे देऊळ मोडकळीस आले होते, ते नीट करावे असे मनात आले. त्यानंतर एकादशीचे कीर्तन येते, त्यानंतर संतांच्या वचनांचे पाठांतर येते, आणि कवित्व तर त्याच्याही पुढे येते. म्हणजे दिवाळे निघालेल्या, घर उजाड झालेल्या माणसाने पहिले काम हाती घेतले ते देवळाच्या जीर्णोद्धाराचे. गाठीला पैसा असताना देऊळ बांधणारे पुष्कळ असतात. तुकोबांच्या गाठीला त्या वेळी काय होते हे वर आलेच आहे.

याच काळातली दुसरी गोष्ट महिपतींनी लिहून ठेवली आहे. महिपती (इ. स. १७१५ ते १७९०) हे राहुरी तालुक्यातील ताहाराबादचे कुळकर्णी. पूजेला बसले असता जहागीरदाराचा शिपाई तातडीने बोलावण्यास आला. काम उरकून घरी आल्यावर त्यांनी यापुढे ही लेखणी दप्तरासाठी चालवणार नाही अशी शपथ घेतली, असे त्यांच्याविषयी सांगतात. पुढे त्या लेखणीने संतांची चरित्रे लिहिली, भक्तविजय इ. स. १७६२ चा आणि भक्तलीलामृत इ. स. १७७४ चे. स्वतः दप्तर सांभाळलेला माणूस असल्याने कागदपत्रांची गोष्ट त्यांनी नेमकी लिहिली आहे. तुकोबा डोंगरावर एकांतात बसले होते, धाकटे बंधू कान्होबा शोधीत आले, आणि दोघे इंद्रायणीच्या काठी आले. तुकोबांनी घरातील सर्व खते आणवली आणि नदीत बुडवण्याचे ठरवले. कान्होबांनी सांगितले की तुम्ही विरक्त झालात, पण मला संसार आहे. मग त्या खतांचे दोन सारखे वाटे झाले. कान्होबांचा वाटा कान्होबांना मिळाला आणि तुकोबांनी आपला वाटा नदीत सोडला.

येथे खत या शब्दाविषयी लिहिणे अवश्य आहे. आज खत म्हटले की शेतकऱ्याला शेणखत अगर युरियाची गोणी आठवते. त्या काळी खत म्हणजे कर्जाचा रोखा, कुळाने सावकाराला लिहून दिलेला कागद. खरेदीखत, गहाणखत असे शब्द कचेरीत अजून चालतात, त्यात तो जुना अर्थ शिल्लक आहे. खत सावकाराच्या पेटीत आहे तोवर कूळ बांधलेले. फेड झाली म्हणजे खत फाडायचे किंवा फारखती लिहून द्यायची. दुष्काळाने कुळे देशोधडीला लागली होती; ज्या कुळाचे खत इंद्रायणीत गेले ते कूळ सुटले. हा तुकोबांनी स्वतःसाठी केलेला वैराग्याचा विधी होता, असे म्हणून पुष्कळ जण तेथेच थांबतात. पण कागद बुडाला म्हणजे नेमके कोण मोकळे झाले हे ज्याने खत पाहिले आहे त्याला सांगावे लागत नाही.

आता वह्यांकडे येऊ. शास्त्री-पंडितांचे ग्रंथ पोथीत असत. पोथी म्हणजे सुटी लांबट पाने, खाली-वर फळ्या, भोवती बस्ता. वही ही वस्तू मुळात व्यापाऱ्याची. पाने एकत्र शिवलेली असतात, त्यामुळे मधले पान काढता येत नाही आणि नवे घुसवताही येत नाही; हिशेबाला हा बंदोबस्त लागतो. दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाला दुकानदार वह्यांची पूजा करतात, पोथीची नव्हे. तुकोबा स्वतः आपल्या अभंगांच्या कागदांना वह्या म्हणतात. वाण्याच्या घरात वही होती, वही लिहिण्याचा हात होता, आणि तोच हात अभंग लिहू लागला. नामाचा साठा, भक्तीचे भांडवल, देवाकडची बाकी असल्या कल्पना त्यांच्या लिखाणात इतक्या दाट का आहेत याचा उलगडा वही या शब्दातच होतो.

तुकोबांचे अभंग उतरून घेणाऱ्यांत चाकणचे संताजी तेली जगनाडे यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. संताजी हे तेल्याचे घाणे चालवणारे गृहस्थ. हिशेबाचे लिहिणे-वाचणे त्यांना येत होते आणि तेच त्यांनी अभंगांच्या कामी लावले. त्यांची समाधी सुदुंबरे येथे आहे. कडूसचे गंगारामबुवा हेही तुकोबांचे टाळकरी होते, आणि कडूसलाही वह्या सांभाळल्या गेल्या. म्हणजे मराठीतील एवढा मोठा ठेवा तेल्याने, वाण्याने, मावळातल्या गृहस्थाने आपापल्या घरच्या कोनाड्यात जपला. देहूच्या मंदिरात जी वही आहे तिला भिजकी वही म्हणतात, आणि ती तुकोबांच्या हातची अशी श्रद्धा आहे.

छापील गाथा पुष्कळ उशिरा आली. मुंबई सरकारच्या शिक्षण खात्याचे प्रमुख सर अलेक्झांडर ग्रँट यांच्या पुढाकाराने सरकारी खर्चातून काम सुरू झाले. शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी देहू, कडूस, तळेगाव आणि पंढरपूर येथील वह्या पाहून मजकूर तयार केला आणि इंदुप्रकाश छापखान्यातून पहिला भाग १८६९ साली व दुसरा १८७३ साली निघाला. १९०९ मध्ये विष्णुबुवा जोगांनी सार्थ गाथा काढली. हेच जोगमहाराज १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापन करणारे. त्यानंतर महाराष्ट्र सारस्वत लिहिणारे विनायक लक्ष्मण भावे यांनी संताजींच्या म्हणून जपलेल्या वह्यांवरून १९१९-२० च्या सुमारास अस्सल गाथा छापली. त्यात त्यांनी ऱ्हस्व-दीर्घ सुद्धा वहीत जसे होते तसे ठेवण्याचा आग्रह धरला. पंडितांनी व्याकरण नीट करून छापावे की तेल्याच्या हातचे जसेच्या तसे छापावे, हा वाद तेव्हापासून आहे.

हा वाद विद्वानांचा वाटेल, पण त्यात अर्थाचा प्रश्न गुंतलेला आहे. जुन्या हस्तलिखितात शब्द तोडून लिहीत नसत. ओळ सलग चाले. स्वल्पविराम नाही, प्रश्नचिन्ह नाही. समजण्यापुरते एक उदाहरण घेता येईल. हे उदाहरण कोणत्याही अभंगातले नाही. ‘मनाचाकर’ अशी सहा अक्षरांहून कमी अशी सलग जोडणी समोर आली, तर कोणी ती ‘मनाचा कर’ अशी तोडील आणि म्हणेल की येथे मनावर बसलेल्या सरकारी कराचे रूपक आहे. दुसरा ‘मना, चाकर’ अशी तोडील आणि म्हणेल की येथे मनाला हाक मारून चाकरीची गोष्ट काढली आहे. अक्षरे तीच, रूपक निराळे. कोणती तोड खरी हे ठरवण्याला व्याकरण काही अंशी उपयोगी पडते. पण मागचा-पुढचा संदर्भ ज्या व्यवहाराचा आहे तो व्यवहार ठाऊक असल्याशिवाय निकाल लागत नाही. शेताचा अभंग असेल तर शेत कसे चालते ते माहीत हवे, बाजाराचा असेल तर बाजार.

माप हा शब्द घेऊ. नामदेवराय पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि त्यांनी कवित्वाचे काम सांगितले, असा तुकोबांचा प्रसिद्ध अभंग आहे. नामदेवांनी शतकोटी अभंगांचा पण केला होता, त्यातले जे उरले ते तुकोबांनी पुरे करावे, अशी ती आज्ञा. पण ती आज्ञा कोणत्या भाषेत आली आहे ते पाहावे. तेथे माप टाकण्याची गोष्ट आहे, विठ्ठलाने थापटून सावध केल्याची गोष्ट आहे, ठरलेला आकडा आहे आणि शेवटची बाकी आहे. धान्याच्या राशीवर मापाडी बसतो तेव्हा हेच घडते. मापाडी पायली भरून टाकतो, दुसरा मोजदाद धरून बसतो. पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचे आणि मग दोन, तीन असे पुढे जायचे, ही रीत खळ्यावरच्या जुन्या माणसांना आठवत असेल. मापाड्याला डुलकी लागली तर आकडा चुकतो, म्हणून त्याला थापटून जागे करावे लागते.

दुसऱ्या एका अभंगात तुकोबा म्हणतात की हे कवित्व माझ्या बुद्धीचे नव्हे, मला केवळ निमित्ताला मापावर बसवले आहे. आणखी एके ठिकाणी ते स्वतःला धन्याचा माल वाहणारा हमाल म्हणतात. हे वाचून विनयाचे बोल म्हणून पुढे जाणे सोपे आहे. मापाड्याचा धंदा ज्याला माहीत आहे तो येथे थांबेल. मापाडी धान्याचा धनी नसतो. राशीतला दाणा त्याचा नाही. पण विकणारा आणि घेणारा या दोघांचाही त्याच्या हातावर विश्वास असावा लागतो. पायलीवर हात फिरवताना त्याने चिमूटभर इकडेतिकडे केले तर दोघांपैकी एक बुडतो. म्हणजे मालकी काडीची नाही आणि जबाबदारी पुरी, अशी ही जागा आहे. तुकोबांनी कवीची जागा ती ठरवली. दशमान मापे येऊन साठ वर्षांवर झाली, चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी हे कोष्टक शाळेतून गेले, आणि बाजार समितीत इलेक्ट्रॉनिक काटा आला. ज्या मुलाने पायली पाहिली नाही त्याला हा अभंग शब्दकोशातून शिकवावा लागणार.

व्यवहाराची रूपके एकट्या तुकोबांनी केली असे नव्हे. त्यांच्या अगोदर पैठणच्या नाथांनी (इ. स. १५३३ ते १५९९) या प्रकारात बहार केली होती. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार. त्यांच्याकडे हिशेबाचे काम करताना एका पैच्या चुकीसाठी नाथ रात्रभर जागले ही गोष्ट क्रमिक पुस्तकांनी घरोघर पोचवली आहे. नाथांनी अर्जदस्त, जमाखर्च असे सरकारी कागदांच्या नमुन्यावर भारूड रचले. त्यांच्या अर्जदस्तात शरीर हा परगणा आहे, जीव शेखदार आहे, काम महाजन, मन देशमुख, ममता देशपांडीण, क्रोध नाईकवाडी, आणि बुद्धी ही कारकून आहे. (कारकुनांनी यावर रागावू नये, इतरांच्या मानाने नाथांनी त्यांना बरीच बरी जागा दिली आहे.) परंतु नाथांचे रूपक स्वतःची किल्ली बरोबर घेऊन येते. कोण म्हणजे काय हे त्यांनी नावातच सांगून टाकलेले असते. तुकोबा तसे सांगत नाहीत. ते शेताविषयी बोलतात तेव्हा शेवटपर्यंत शेतच बोलतात. म्हणून त्यांचे रूपक उलगडायला अधिक कठीण, आणि उलगडले म्हणजे अधिक लागते.

सुगीचा एक अभंग याला उत्तम उदाहरण आहे. शेत पिकाला आले, आता चारही कोपरे सांभाळ, असा त्याचा रोख आहे. त्यात सोकरण्याचा शब्द आला आहे. सोकरणे म्हणजे उभ्या पिकावरची पाखरे हाकणे. माळ्यावर उभे राहायचे, गोफण फिरवायची, हारोळी द्यायची. सूर्य उगवण्यापूर्वी शेतावर पोचायचे, कारण पाखरू त्याही आधी पोचते. ज्वारीच्या कणसात दूध भरल्यापासून खळे होईपर्यंत हे काम. नांगरट, पेरणी, खुरपणी ही कामे कष्टाची असली तरी त्यांत पीक हातचे जाण्याची धास्ती नसते; सोकरणीच्या दिवसांत असते, कारण पीक आलेले आहे पण घरात आलेले नाही. साधना फळाला आली असे वाटू लागते तेव्हाचे दिवस सर्वांत धोक्याचे, हे सांगण्यासाठी तुकोबांनी वर्षातला नेमका हा पंधरवडा निवडला. पाखरे म्हणजे काम-क्रोध असे कीर्तनकार सांगतात ते बरोबरच आहे, परंतु महिना कोणता हे सांगितल्याशिवाय त्या सांगण्यात जीव येत नाही.

त्याच अभंगात पुढे रास होते आणि ज्याचा त्याचा भाग देण्याचे येते. येथे जुन्या खळ्याचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. रास उफणून तयार झाली म्हणजे ती तशीच घरी जात नसे. सरकारचा भाग निघे, वतनदारांचे हक्क निघत, सुतार, लोहार, कुंभार, चांभार, महार, न्हावी, परीट यांचे बलुते निघे, देवाच्या नावाचे सूप निघे. सर्वांचे देणे फिटले म्हणजे शेतकरी मोकळा झाला. तुकोबा म्हणतात की मग आपले असे काही काम उरत नाही. दाणा हाती आला, भूस टाकून दिले. यावर ब्रह्मज्ञानाची टीका लिहिता येते आणि ती लिहिली गेली आहे. पण मुळात ती एका देणेकऱ्याच्या सुटकेची गोष्ट आहे. ज्याने खळ्यावर सगळ्यांचे भाग देऊन रिकाम्या सुपाकडे पाहिले आहे, आणि तरीही ज्याला त्या रात्री शांत झोप लागली आहे, त्याला ती टीका न वाचता कळते.

आता वह्या बुडवण्याच्या प्रसंगाविषयी. यावर गावात आणि शहरात नेहमी वाद होतो. काही अभ्यासक म्हणतात की वह्या पाण्यातून कोरड्या निघाल्या हे रूपक आहे; कागद बुडाले, पण अभंग लोकांच्या मुखी होते, लोकांनी ते पुन्हा सांगितले, म्हणजे लोकगंगेने गाथा तारली. भाविकांना हे बोलणे टोचते. देवाने केलेल्या कामाचे श्रेय काढून घेतल्यासारखे त्यांना वाटते. दोन्ही बाजूंनी बोलणारे पुष्कळदा तुकोबांनी स्वतः काय लिहिले ते पाहत नाहीत.

तुकोबांनी दोन ठिकाणी लिहिले आहे. आत्मचरित्राच्या अभंगात एवढेच आहे की वह्या बुडवल्या, मी धरणे धरून बसलो, आणि नारायणाने समाधान केले. दुसरे अभंग त्या प्रसंगानंतरचे आहेत. त्यांत तेरा दिवस डोळे मिटून पडून राहिल्याचे आहे आणि देवाने पाण्यात कागद राखल्याचेही आहे. तेव्हा राखल्याची गोष्ट मागाहून कोणी चिकटवली असे म्हणता येत नाही. ती त्यांच्याच तोंडची आहे. तुकोबांच्या समकालीन शिष्या बहिणाबाई शिऊरकर (इ. स. १६२८ ते १७००) यांनीही तेरा दिवसांचा उल्लेख केला आहे. परंतु तुकोबांच्या त्या अभंगांचा सूर पाहावा. चमत्काराची बढाई त्यांत कोठेही नाही. उलट पहिलाच उद्गार अपराधाचा आहे. लोकांच्या बोलण्यासाठी मी तुझा अंत पाहिला, तुला शिणवले, हा माझा मोठा अन्याय झाला, असे ते देवाला म्हणतात.

असे का म्हणावे? येथे धरणे हा शब्द उपयोगी पडतो. आज धरणे म्हटले की कलेक्टर कचेरीपुढचा मांडव डोळ्यांसमोर येतो. जुना अर्थ सावकारीतला आहे. देणेकरी दाद देईना तर घेणेकरी त्याच्या दारात अन्नपाणी सोडून बसे. दारात माणूस उपाशी आहे तोवर घरातल्यांनाही जेवता येत नसे. तगाद्याचा तो शेवटचा आणि फार कठोर प्रकार होता. सावकाराच्या घरात वाढलेल्या तुकोबांना धरण्याचा अर्थ पुरता माहीत होता. देवाला ऋणी ठरवून त्याच्या दारात ठेवा मागायला येण्याची भाषा त्यांच्या अभंगांत इतरत्र आहेच. इंद्रायणीकाठच्या शिळेवर मात्र त्यांनी ती भाषा प्रत्यक्ष केली. तेरा दिवस ते देवाच्या दारात सावकार होऊन बसले. आणि कागद हाती आल्यावर त्यांना लाज वाटली ती याची. ज्याने आपल्या कुळांच्या दारात असे बसायचे कायमचे सोडून दिले होते, खतेच पाण्यात सोडली होती, त्याने देवाला मात्र कूळ केले आणि दार अडवले.

म्हणून हा प्रसंग रूपक की इतिहास, असा एकच प्रश्न विचारून भागत नाही. तुकोबांच्या बाबतीत रूपक आणि जगणे यांच्यामध्ये बांध घालता येत नाही. जे शब्द वहीत आले ते आधी दुकानात, खळ्यावर, नदीकाठी वापरून आले होते. रामेश्वरभट्टांनी आरतीत सागरावर पाषाण तारणाऱ्या रामाची उपमा दिली, पण अभंगांसाठी त्यांनी क्रियापद योजले ते राखण्याचे. शेतकरी पीक राखतो तोच शब्द, आणि तुकोबांनी कागदांसाठी वापरलेलाही तोच.

एकाच इंद्रायणीत दोनदा कागद गेले. दुसऱ्या वेळच्या कागदांसाठी तुकोबा अन्नपाणी सोडून बसले. पहिल्या वेळच्या कागदांसाठी बसल्याचे महिपतींनी किंवा कोणी चरित्रकाराने लिहिलेले नाही.

आपल्या वाट्याची खते मागून घेणारे कान्होबा पुढेही देहूतच होते. थोरले बंधू गेल्यानंतरचे त्यांचे अभंग गाथेत शेवटी छापलेले असतात आणि ते फारसे वाचले जात नाहीत. त्यांत कान्होबा पांडुरंगाशी भांडतात. तुझी भुक्ती, मुक्ती, ब्रह्मज्ञान काही नको, माझा भाऊ आणून दे, एवढेच त्यांचे मागणे आहे.